सहा हजारी मोहीम अर्धवट राहिली: दोष कंपनीचा, शरीराचा की आखणीचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. ऑगस्टमध्ये नागपूरहून लडाखला जाऊन कांग यात्से-२ या ६,२५० मीटर उंचीच्या शिखराची नऊ दिवसांची गाइडसह मोहीम तुम्ही केली. जाहिरातीत 'दोन जणांमागे एक गाइड' आणि '९० टक्के यश' असं लिहिलं होतं. प्रत्यक्षात समिटच्या, म्हणजे माथ्याकडे निघायच्या रात्री नऊ जणांबरोबर तीनच गाइड होते. बाराला निघायचं ठरलं होतं, निघालात सव्वाला, कारण भाड्याने दिलेले क्रॅम्पॉन, म्हणजे बर्फावर चालायला बुटाखाली लावायचे काटे, बुटांना बसत नव्हते. सकाळी साडेसातला ५,९०० मीटरवर असताना एका सहकाऱ्याची तब्येत बिघडली आणि सगळ्यांनाच खाली आणलं. राखीव दिवस नव्हता, म्हणून दुसऱ्या दिवशी थेट लेह. आता कंपनी म्हणते की हवामान वाईट होतं, तुमची तयारीही कमी पडली, पैसे परत मिळणार नाहीत. तुम्ही विचारलंय: माझा फिटनेस कमी होता का? माझी फसवणूक झाली का? आणि पुन्हा जावं का?

या तीन प्रश्नांची उत्तरं वेगवेगळ्या ठिकाणी सापडतात. ती एकत्र कालवली की माणूस एक तर स्वतःला दोष देत बसतो किंवा डोंगरावरच्या गाइडवर राग काढतो. शिखर मिळालं नाही एवढ्यावरून कोणी दोषी ठरत नाही. एवढ्या उंचीवर चांगल्या आखलेल्या मोहिमाही परत फिरतात. बघायचं हे की शिखरापर्यंत पोचायची खरीखुरी संधी त्या आखणीत होती का, आणि नसेल तर ती कुणी, केव्हा आणि कशासाठी काढून घेतली.

काही गोष्टी मला इथून दिसत नाहीत, हे आधीच सांगतो. त्या सकाळी वारा किती होता, बर्फ कडक होता की भुसभुशीत, आजारी सहकाऱ्याला नेमकं काय होत होतं, हे तिथे असलेल्यांनाच ठाऊक. म्हणून ५,९०० मीटरवरून परत फिरायचा निर्णय चूक होता असं मी म्हणणार नाही. उलट, तुम्ही दिलेल्या आकड्यांवरून तो बरोबरच वाटतो. पण तो निर्णय घ्यायची वेळ का आली, याचं उत्तर बरंचसं कागदावर आहे.

सुरुवात आखणीपासून करू. कुठल्याही मोहिमेचा कार्यक्रम हातात आला की मी आधी ठिकाणांची नावं बाजूला ठेवतो आणि फक्त झोपायच्या उंचीचे आकडे एका ओळीत लिहितो. तुमची ओळ साधारण अशी होते: लेह ३,५००, लेह ३,५००, मारखा ३,७५०, हंकरच्या वरचा कॅम्प ४,२००, निमालिंग ४,८००, बेस कॅम्प ५,१००, आणि त्याच रात्री समिटसाठी कूच. नागपूर समुद्रसपाटीपासून जेमतेम ३१० मीटरवर आहे. म्हणजे विमानातून उतरल्यापासून सहाव्या रात्री तुम्ही अशा उंचीकडे निघालात जिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याहूनही कमी असतो.

डोंगरी वैद्यकातला सर्वमान्य नियम असा की ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपायची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबावं. तुमच्या कार्यक्रमात लेहनंतरच्या वाढी २५०, ४५०, ६०० आणि ३०० मीटर अशा आहेत. सरासरी काढली तर रात्रीला ४०० येते. कंपनी तुम्हाला नेमकी हीच सरासरी दाखवेल आणि आम्ही नियमातच होतो म्हणेल. पण शरीर सरासरीवर चालत नाही. निमालिंगची ६०० मीटरची उडी नियमाबाहेरची आहे. तिच्या आधी थांबा नाही, नंतरही नाही, आणि लेह सोडल्यावर अख्ख्या वाटेवर थांब्याचा एकही दिवस नाही. तिथली कॅम्पची ठिकाणं पाणी आणि सपाट जागा बघून ठरलेली असल्यामुळे ही उडी पूर्ण टाळणं अवघड आहे. म्हणूनच उडीच्या आधी आणि नंतर अशा दोन्ही ठिकाणी प्रत्येकी दोन रात्री द्याव्या लागतात.

याच शिखराची आखणी नागपूरच्या माणसासाठी मी करेन तेव्हा ती अशी असेल: लेहमध्ये तीन रात्री, मारखाला एक, हंकरच्या वर दोन, निमालिंगला दोन, बेस कॅम्पला दोन. थांब्याच्या दिवशी तंबूत पडून राहायचं नाही. तीनशे-चारशे मीटर वर चढायचं, तासभर थांबायचं आणि झोपायला खाली यायचं. बेस कॅम्पच्या मधल्या दिवशी क्रॅम्पॉन, आइस अ‍ॅक्स (बर्फात रोवायची कुऱ्हाड) आणि फिक्स रोपचा (उतारावर बांधून ठेवलेल्या दोराचा) सराव, आणि दुसऱ्या रात्री समिट. परतल्यावर बेस कॅम्पला एक रात्र, हवामानासाठी एक राखीव रात्र, शेवटी लेहला एक. एकूण तेरा रात्री, चौदा दिवस. तुमच्या मोहिमेत आठ रात्री होत्या.

या मधल्या पाच रात्री कुठे गेल्या? शनिवारी निघून पुढच्या रविवारी घरी आलं तर नऊ दिवस होतात आणि ऑफिसची रजा पाचच दिवसांची लागते. नऊ दिवसांचा कार्यक्रम या हिशेबावर उभा आहे. शिवाय प्रत्येक जादा दिवसाला गाइडचा पगार, घोडेवाल्याचं भाडं, स्वयंपाक, रॉकेल-गॅस असा खर्च लागतो. स्टोक कांगरी २०२० पासून बंद झाल्यावर लडाखमधल्या 'पहिलं सहा हजारी शिखर' करणाऱ्यांचा ओघ कांग यात्से-२ कडे वळला. गर्दी वाढली की कमी दिवसांत, कमी पैशांत नेणाऱ्यांची चढाओढ सुरू होते. कमी दिवसांचा कार्यक्रम निवडला तो तुम्हीच, पण उंचीचं गणित समजून सांगायची जबाबदारी विकणाऱ्याची होती. पहिल्यांदा जाणाऱ्याला ते माहीत असणं अपेक्षित नाही.

आता समिटची रात्र. इथे तुम्ही वेळ आणि उंची दोन्ही लिहिलीत, त्यामुळे हिशेब नीट मांडता येतो. बेस कॅम्प ते माथा ही चढाई १,१५० मीटरची. विरळ हवेशी बऱ्यापैकी जुळवून घेतलेला हौशी गिर्यारोहक तिथे तासाला १५० ते २०० मीटर उंची घेतो, थांबे धरून. म्हणजे पावणेसहा ते पावणेआठ तास. तुम्ही सव्वाला निघून साडेसातला ५,९०० वर होतात: सव्वासहा तासांत ८०० मीटर, म्हणजे ताशी १२८. उरलेल्या ३५० मीटरना याच वेगाने पावणेतीन तास लागले असते आणि माथ्यावर पोचायला सव्वादहा वाजले असते. प्रत्यक्षात त्याहून उशीरच, कारण वरचा टप्पा जास्त तीव्र आहे आणि शेवटी वेग आणखी पडतो.

सव्वादहा का चालत नाही? ऑगस्टमध्ये सूर्य वर आला की उतारावरचा बर्फ मऊ होतो. क्रॅम्पॉनच्या दातांमध्ये ओल्या बर्फाचे गोळे अडकतात, पाय घसरतो, मांडीपर्यंत रुततो. गोठून घट्ट बसलेले दगड सुटायला लागतात. खाली यायला आणखी तीन-चार तास लागतात आणि तेही दमलेल्या पायांनी. म्हणून अशा शिखरावर मी परत फिरायची वेळ सकाळी नऊ ठेवतो. माथा समोर दिसत असला तरी नऊ म्हणजे नऊ. ही वेळ आदल्या संध्याकाळी सगळ्यांसमोर सांगायची असते. तुमच्या गाइडने ती सांगितली होती का, हे प्रश्नात नाही. सांगितली नसेल तर ती मोठी त्रुटी आहे.

आता हाच हिशेब बाराला निघालात असं धरून करा. त्याच ताशी १२८च्या वेगाने नऊ वाजता तुम्ही माथ्यावर असता. अगदी काठावर, पण मर्यादेच्या आत. म्हणजे क्रॅम्पॉनपायी बेस कॅम्पवर गेलेल्या सव्वा तासाने तुमची उरलीसुरली सवलत संपवली. क्रॅम्पॉन बुटाला बसवणं हे लेहच्या दुकानात, दिवसाउजेडी, उघड्या हातांनी करायचं काम आहे. मधल्या पट्टीची लांबी बुटाप्रमाणे लावायची, पट्टा न आवळता बूट उचलून हलवायचा, आणि क्रॅम्पॉन तरीही बुटाला धरून राहिला तर जोडी जमली. टाच-पुढा दोन्हीकडे खाच नसलेल्या बुटाला अडकवायचा क्रॅम्पॉन बसतच नाही, त्याला पूर्ण पट्ट्यांचाच लागतो. रात्री बाराला, हेड टॉर्चच्या उजेडात, उणे तापमानात नऊ जणांचे क्रॅम्पॉन जुळवत बसणं हा नियोजनातला दोष आहे. त्यात हवामानाचा काही संबंध नाही.

गाइडच्या संख्येचा मुद्दा तर मला सगळ्यात गंभीर वाटतो. दोन जणांमागे एक म्हटल्यावर नऊ जणांना पाच गाइड हवेत. वरवर पाहता तीन आणि पाच यातला फरक म्हणजे थोडी कमी सेवा, असं वाटतं. पण कुणी आजारी पडलं की तो फरक वेगळाच होतो. तोल जात असलेल्या किंवा गोंधळलेल्या माणसाला उतारावरून एकट्या गाइडने आणू नये. दोर लावून एक पुढे, एक मागे, असे दोघे लागतात. तीन गाइडपैकी दोन खाली गेले की आठ जणांना एक उरतो. आठ जणांना एका गाइडच्या भरवशावर ५,९०० मीटरच्या बर्फाळ उतारावर कुणी जबाबदार माणूस ठेवणार नाही. त्यामुळे सगळ्यांना परत फिरवण्याशिवाय तुमच्या मुख्य गाइडकडे दुसरा मार्गच नव्हता. पाच असते तर दोन खाली गेले असते, तिघांबरोबर आठ जण राहिले असते, आणि ज्यांचा वेग-वेळ जमत होता त्यांना निदान पुढे जाता आलं असतं.

तेव्हा इथवरचा निष्कर्ष असा: परत फिरायचा निर्णय योग्य होता. तो घ्यायची वेळ आली ती दिवसांची काटछाट, उशिरा तपासलेलं साहित्य आणि कमी गाइड या तीन कारणांनी, आणि ही तिन्ही कारणं निघण्याआधीची आहेत.

आता तुमच्या शरीराकडे. निमालिंगला डोकं दुखत होतं, तुम्ही पॅरासिटामॉल घेतली आणि गाइडला 'ठीक आहे' म्हणालात, असं तुम्ही लिहिलंय. असं करणारे पुष्कळ असतात, कारण खरं सांगितलं तर खाली पाठवतील ही भीती असते. पण उंचीवरची डोकेदुखी एकटी मोजत नाहीत. डोकेदुखी, मळमळ किंवा भूक मरणं, थकवा आणि चक्कर या चार गोष्टींना प्रत्येकी शून्य ते तीन गुण द्यायचे. डोकेदुखी आहे आणि बेरीज तीन किंवा जास्त आहे, तर तो विरळ हवेचा आजार धरायचा. अशा वेळी पुढची उंची घ्यायची नाही. तिथेच थांबायचं, आणि वाढत असेल तर उतरायचं. हे गुण सकाळी आणि संध्याकाळी प्रत्येकाचे लिहून घेणं हे गाइडचं काम आहे. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर सोबतीला चांगला, पण नुसत्या त्याच्या आकड्यावर निर्णय घ्यायचा नसतो. थंड बोटांवर तो चुकतो, आणि पाच हजार मीटरवर ८० टक्क्यांच्या आसपासचा आकडा चांगल्या माणसातही दिसतो.

बेस कॅम्पवर गाइडने सगळ्यांना डायमॉक्स, म्हणजे विरळ हवेच्या आजारावरची गोळी दिली, हे मला खटकलं. प्रतिबंधासाठी ही गोळी उंचीवर जायच्या आदल्या दिवसापासून, मोठ्या माणसाला सहसा १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, अशी सुरू करतात. सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी असलेल्यांनी ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायचीच नाही. नऊ जणांना न विचारता एकदम वाटायची ही वस्तू नाही. पुढच्या वेळी नागपुरातच तुमच्या डॉक्टरांकडे जा, निमालिंगच्या डोकेदुखीसकट सगळं सांगा आणि गोळी घ्यायची की नाही ते तिथेच ठरवा. हिमोग्लोबिन आणि फेरिटिनही (शरीरातला लोहाचा साठा) तपासून घ्या. लोह कमी असेल तर शरीराला विरळ हवेशी जुळवून घेणं जड जातं, आणि ते भरून काढायला दोन-तीन महिने लागतात.

ताशी १२८ मीटर हा वेग पाहून स्वतःला नापास करू नका. नऊ जणांचा गट सर्वांत सावकाश चालणाऱ्याच्या वेगाने जातो, त्यामुळे हा आकडा गटाचा आहे. तुमचा स्वतःचा अंदाज दुसऱ्या खुणांवरून घ्या. गट थांबल्यावर दोन-तीन मिनिटांत श्वास ताळ्यावर येत होता का? येत असेल तर हृदय-फुप्फुसांची तयारी पुरेशी होती. बसून असतानाही धाप जात नव्हती किंवा कोरडा खोकला वाढत होता, तर ती फिटनेसची बाब नाही. ती फुप्फुसात पाणी होण्याची धोक्याची खूण आहे आणि तेव्हा ताबडतोब उतरायला हवं होतं. आणि उतरताना मांड्या थरथरत होत्या का? तसं असेल तर तयारीतली कमतरता तिथे आहे. रोज दहा किलोमीटर पळणाऱ्यांतही ही दिसते, कारण फुटाळ्याच्या नाहीतर अंबाझरीच्या सपाट रस्त्यावर पळून उतरायचे स्नायू तयार होत नाहीत.

नागपुरात राहून तयारी करताना दोन अडचणी येतात: चढ नाही, आणि ऑगस्टच्या मोहिमेची तयारी नेमकी एप्रिल ते जुलैमध्ये येते, आणि त्यातल्या मेमध्ये पारा ४५ अंशांना टेकतो. दोन्हीवर उपाय एकच, उंच इमारतीचा जिना. एक मजला साधारण तीन मीटर, म्हणजे दहा मजल्यांची एक फेरी ३० मीटरची. सोळा आठवडे हातात ठेवा. आठवड्यातून दोन दिवस, पहाटे साडेपाचच्या आत, सुरुवातीला आठ फेऱ्या रिकाम्या पाठीने. तिसऱ्या आठवड्यापासून पाठीवर पाच किलो, बाराव्या आठवड्यापर्यंत दहा-बारा किलो आणि वीस फेऱ्या. त्या होतात ६०० मीटर, आणि ओझं दोन्हीकडे, वर जातानाही आणि उतरतानाही. लिफ्टने खाली येऊ नका, तुम्हाला उतरणंच शिकायचंय. ओझ्यासाठी पाण्याच्या बाटल्या वापरा. गुडघा कुरकुरला की पाणी ओतून वजन लगेच कमी करता येतं. वेग असा ठेवा की पूर्ण वाक्य बोलता यावं. धापा टाकत चढलं तर अंगात आठ तास चालायची सवय मुरत नाही. सोसायटीच्या अध्यक्षांची परवानगी मात्र आधी काढा.

रविवारी लांब चाल. रामटेकच्या गडाच्या पायऱ्या ओझं घेऊन वरखाली, सलग तीन-चार तास. महिन्यातून एकदा शनिवार-रविवार चिखलदरा किंवा पचमढी. चौरागडाला हजाराहून जास्त पायऱ्या आहेत, आणि विदर्भातले भाविक महाशिवरात्रीला खांद्यावर त्रिशूळ घेऊन त्या चढतात, तेव्हा जागा आपल्या लोकांना परकी नाही. शनिवारी चार तास आणि रविवारी पुन्हा चार तास चाला. दमलेल्या पायांनी दुसऱ्या दिवशी निघायची सवय मोहिमेत सगळ्यात जास्त उपयोगी पडते. शेवटचे दहा दिवस हलकंच चाला.

या सगळ्याने पाय तयार होतील, हवा नाही. सातपुड्यातलं सर्वोच्च ठिकाण धूपगड, तेही १,३५० मीटरच. आपल्या भागात विरळ हवेची सवय होईल अशी जागाच नाही, आणि बाजारात मिळणारे 'अल्टिट्यूड मास्क' श्वासाला फक्त अडथळा करतात, हवेचा दाब कमी करत नाहीत. ती सवय डोंगरातल्या रात्रींनीच होते. फिटनेस कितीही वाढवला तरी त्या पाच रात्री भरून निघत नाहीत.

पैशांबद्दल. 'शिखर मिळालं नाही, पैसे परत द्या' असं लिहू नका, ते टिकणार नाही. 'कबूल केलेली सेवा दिली नाही' असं लिहा आणि एकेक मुद्दा पुराव्यासह मांडा: पाचऐवजी तीन गाइड, न बसणारं साहित्य आणि त्यामुळे सव्वा तासाचा उशीर, कार्यक्रमात छापलेलं पण न दिलेलं जे काही असेल ते. जाहिरातीचे स्क्रीनशॉट, कार्यक्रमाची पीडीएफ, व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं, पावती, जीएसटीचं बिल, त्या रात्रीचे वेळ दाखवणारे फोटो, आणि तुमच्याबरोबरच्या दोन-तीन जणांचं लेखी म्हणणं गोळा करा. हे काम याच आठवड्यात करा, कारण जाहिराती बदलतात आणि व्हॉट्सअ‍ॅपचे गट बंद होतात. घड्याळात किंवा मोबाइलमध्ये जीपीएसची नोंद असेल तर ती सोन्यासारखी आहे. निघाल्याची वेळ आणि वळल्याची उंची दोन्ही त्यात असतात.

कंपनीकडून तीन गोष्टी लेखी मागा: शिखराच्या परवानगीची प्रत, त्या रात्री बरोबर असलेल्या गाइडची नावं आणि प्रशिक्षण, आणि 'हवामान वाईट होतं' याचा आधार, म्हणजे त्यांनी कुठला अंदाज पाहिला आणि केव्हा. उत्तराला पंधरा दिवस द्या. उत्तर आलं नाही किंवा गोलमोल आलं, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवा. बरेचदा तिथेच तडजोड होते. तरीही नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे कंपनी दिल्लीची असो वा लेहची, तुम्ही जिथे राहता किंवा काम करता तिथल्या, म्हणजे नागपूरच्याच, आयोगाकडे जाऊ शकता. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर दाखल करायला फी नाही, मुदत दोन वर्षांची आहे, आणि वकील असलाच पाहिजे असं नाही. निघण्यापूर्वी सही केलेला 'सगळी जोखीम माझी' हा कागद तुम्हाला अडवेल असं वाटत असेल, तर तो डोंगरातल्या जोखमीबद्दल आहे. कमी गाइड पाठवणं ही डोंगराची जोखीम नव्हे. तरी रक्कम वाजवी मागा. पूर्ण पैशांऐवजी गाइड आणि साहित्याचा वाटा आणि त्रासाबद्दल थोडी भरपाई मागितली की तडजोडीची शक्यता वाढते.

पुन्हा जावं का? माझं उत्तर हो आहे, पण कसं जायचं ते तुमच्या रजेवर अवलंबून आहे. महिनाभर रजा मिळत असेल तर पैसे दुसऱ्या मोहिमेत घालण्याआधी बेसिक माउंटेनियरिंग कोर्स करा. उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था, दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनियरिंग इन्स्टिट्यूट, मनाली आणि पहलगामच्या संस्था, सगळीकडे हा कोर्स जवळपास महिन्याचा असतो. जागा लवकर भरतात, म्हणून वर्षभर आधी अर्ज करा. कोर्स केलेला माणूस क्रॅम्पॉन स्वतः लावतो, घसरल्यावर आइस अ‍ॅक्सने स्वतःला थांबवतो, आणि मुख्य म्हणजे गाइडचा निर्णय चूक की बरोबर हे त्याला समजतं.

दोनच आठवडे मिळत असतील तर हेच शिखर चौदा दिवसांच्या आखणीने करा. दहा दिवसांच्या वर रजा नसेल तर सहा हजारचा हट्ट सोडून मनालीजवळच्या ५,२८९ मीटरच्या फ्रेंडशिप पीकसारखं शिखर घ्या. तिथेही बर्फ, दोर, क्रॅम्पॉन सगळं आहे, आणि बेस कॅम्प बराच खाली असल्यामुळे शरीरावरचा ताण कमी असतो.

कंपनी निवडताना '९० टक्के यश' ऐकलं की विचारा, कशाचे ९० टक्के? लेहहून निघालेल्यांचे, बेस कॅम्पला पोचलेल्यांचे की समिटच्या रात्री निघालेल्यांचे? मधेच परत पाठवलेले वगळले तर आकडा हवा तेवढा फुगतो. पुढे विचारा, समिटच्या रात्री किती गाइड, दोघे आजाऱ्याला घेऊन उतरले तर मागे किती राहतात, परत फिरायची वेळ काय, राखीव दिवस कोणता, ऑक्सिजनचा सिलिंडर बेस कॅम्पला असतो का, आणि बूट-क्रॅम्पॉन लेहमध्ये कोणत्या दिवशी तपासतात. चांगला माणूस ही उत्तरं न अडखळता देतो. 'काळजी करू नका, आमच्यावर सोडा' असं उत्तर आलं तर पैसे भरू नका. विम्याच्या पॉलिसीत उंचीची मर्यादा लिहिलेली असते, तीही ६,५०० मीटरपर्यंत आहे ना, हे छापील कागदावर पाहा. एजंटच्या तोंडी हमीवर जाऊ नका.

शेवटी तुम्ही ओझरतं लिहिलेलं एक वाक्य: उजव्या पायाचा अंगठा अजून बधिर आहे. बूट एक नंबर मोठा होता, तो हलू नये म्हणून नाडी आणि क्रॅम्पॉनचा पट्टा करकचून आवळला, असं तुम्ही म्हणता. त्याने रक्तप्रवाह अडतो, नस दबते आणि त्यात थंडी. नुसती बधिरता असेल आणि त्वचेचा रंग नेहमीचा असेल तर सहसा काही आठवड्यांत ती ओसरते. पण रंग काळपट-निळा असेल, फोड आले असतील किंवा दुखणं वाढत असेल तर उद्याच डॉक्टरांना दाखवा. तोवर गरम पाण्याच्या पिशवीने शेकू नका, कारण बधिर जागेला भाजलेलं कळत नाही. चोळू नका आणि तंबाखू-सिगारेट पूर्ण बंद ठेवा. पूर्ण संवेदना परत येईपर्यंत नव्या मोहिमेची तारीख ठरवू नका, कारण एकदा थंडीने दुखावलेलं बोट पुढच्या वेळी लवकर धरतं. आणि पुढचे बूट घेताना जाड मोज्यांसह, संध्याकाळी पाय थोडे सुजलेले असताना घालून पाहा. बुटाचं टोक जमिनीवर आपटल्यावर अंगठा पुढे टेकता कामा नये, आणि चालताना टाच उचलता कामा नये.